ओळीचा शेवट

नेरूरपारचा पूल ओलांडून एसटी धामापूरच्या रस्त्याला लागली आणि कार्मेलिनाला तो जोड ऐकू आला. कानात इअरफोन होते, मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला बोटीच्या इंजिनाचा नवा पंखा होता, आणि त्याच्या ग्रीसचा वास उन्हानं तापून नाकात बसला होता. गाणं चौथं होतं. ‘बापाशीन जाळ्यात वारो धरल्यान, आवशीन वाऱ्याक टाको घातल्यान, आणि तुम्ही इचारतास माका, तुझो गाव खंय, तुझो पत्तो खंय?’ एका दमात म्हणायची लांब ओळ, तिची सगळ्यांत गाजलेली. ‘वाऱ्याक’पर्यंतचा आवाज एका बाईचा होता आणि ‘टाको’पासूनचा दुसऱ्या बाईचा. दोन्ही बायका कार्मेलिनाच होत्या. पहिली एकतीस वर्षांची, दुसरी चव्वेचाळीसची. तिनं गाणं मागे नेलं आणि पुन्हा ऐकलं. मुंबईत तिची गाणी रेकॉर्ड करणाऱ्या शाहनवाजनं काम चोख केलं होतं. आवाजाची पट्टी जुळवली होती, जोर जुळवला होता, दोन वेगळ्या खोल्यांतली हवासुद्धा एकसारखी करून टाकली होती. ऐकणाऱ्या कुणालाही कळलं नसतं. पण पहिल्या आवाजात अक्षरं जिभेवरून उडत होती आणि दुसऱ्यात ती आधी जिभेला टेकत होती, मग निघत होती. पापणी लवायला लागतो त्याहून कमी वेळ त्या दोघींच्या मध्ये होता. तेवढ्या वेळात आई गेली होती.

“बरा वाटत नाय काय गो?” शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं. तिच्या पायाशी पिशवीत फणस होता आणि गाडीच्या प्रत्येक वळणाला ती त्याला टाचेनं अडवत होती. “तोंड उतारला तुझा. गाडी लागता?”

“नाय, बरा आसा.”

“मगे ता कानातला काढ. माझ्या झिलाक पण तसाच होता. कानात गाणी, नि पोटात मळमळ.”

कार्मेलिनानं इअरफोन काढले. इंजिनाची घरघर, खिडकीच्या काचेचा खुळखुळाट आणि धामापूरच्या तळ्यावरून येणारी जराशी थंड हवा, असं सगळं एकदम आत आलं. पण जोड कानातून गेला नाही. दातात अडकलेल्या माशाच्या काट्याला जीभ पुन्हा पुन्हा जाऊन लागावी तशी ती चौके गाव येईपर्यंत त्या जागेला जाऊन लागत राहिली.

शनिवारी तिला ‘हो’ कळवायचं होतं. एवढंच काम उरलं होतं. तिनं हो म्हटलं की शाहनवाज सगळी गाणी कंपनीला देणार आणि पुढच्या महिन्यात ‘पुळण’ बाहेर येणार. कार्मी फर्नांडिसचा पहिला अल्बम, तेरा वर्षांपूर्वी जाहीर झालेला. तेव्हा मुंबईत मालवणीतून रॅप करणारी बाई म्हणून लोक तिला ओळखायचे. रिक्षावाले थांबवून ओळी म्हणून दाखवायचे. मग पहिला स्टुडिओ बंद पडला. दुसऱ्यात रेकॉर्ड केलेलं तिनं स्वतःच टाकून दिलं. आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा ती वर्षभरासाठी म्हणून गावी, देवबागला आली आणि राहिली. भाऊ पेद्रू पर्यटकांना बोटीनं स्कुबासाठी नेतो. ती त्यांना पाण्यात उतरण्याआधी सूचना देते, इंजिनाच्या आवाजावर ओरडून. नळी दातात धरा, नाकानं श्वास घेऊ नका, घाबरलात तर अंगठा वर करा. त्या ओरडण्यानं आवाज जाड झाला. अधूनमधून मुंबईला जाऊन ती तुकडे रेकॉर्ड करून यायची. इथे दोन ओळी, तिथे अर्धं कडवं. प्रत्येक वेळी ऐकल्यावर वाटायचं की हा तो आवाज नाही. अजून एकदा घेऊ, शानू. आणि शाहनवाज हूं म्हणून गाणं मागे न्यायचा. गेली दोन वर्षं तो हेच तुकडे जमवून सांधत बसला होता. इंटरनेटवर तिच्या जुन्या गाण्याखाली लोक अजून लिहीत, ताई अल्बम कधी. अलीकडे तो प्रश्न विनोद म्हणूनच विचारला जात होता. ज्याचं लग्न ठरत नाही त्याला लोक म्हणत, तुझं लग्न आणि कार्मीचा अल्बम.

‘तो आवाज’ म्हणजे कुठला, हे तिला नेमकं ठाऊक होतं. मुंबईतल्या एका कॉलेजचं मैदान, संध्याकाळ, स्टेजच्या फळ्या पायाखाली लवत होत्या. तिच्या डाव्या हाताला शाहनवाज, डोक्यावर टॉवेल. समोर पोरंपोरी. तिनं ती ओळ सुरू केली आणि ती अखंड निघाली, बापापासून पत्त्यापर्यंत, कुठेही न तुटता. संपल्यावर छातीत अजून हवा शिल्लक असल्यासारखं वाटत होतं. ही आठवण तिनं इतक्या वेळा काढली होती की तिच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. नंतरचा प्रत्येक टेक तिनं त्या संध्याकाळच्या शेजारी ठेवून पाहिला आणि प्रत्येक टेक कमी पडला. स्टुडिओत ती ओळ एका दमात कधी निघालीच नाही. ‘तुझो गाव’पाशी हवा संपायची आणि पत्ता घशातच राहायचा. आधी वाटलं, सिगरेट. ती सोडली. मग वाटलं, वय. पण एकतिसाव्या वर्षी, त्या मैदानानंतर जेमतेम चार महिन्यांनीही, ओळ तिथेच तुटली होती. त्या विसंगतीकडे तिनं कधी नीट पाहिलं नव्हतं.

“हाडलंस काय पंखो?” घरी पोचल्यावर पेद्रूनं विचारलं. तो अंगणात बनियनवर बसून वेटोळं केलेला दोर उलगडत होता. तिनं पंखा त्याच्यापुढे ठेवला. त्यानं कागद काढून तो हातात फिरवला, पात्यावरून अंगठा नेला आणि समाधानानं हूं केलं. “नि तुझो अल्बम? आयकलंस? झालो काय पुरो?”

“झालो म्हणतत.”

“म्हणतत म्हणजे? तुझो मा तो? तेरा वर्सांत म्हशीन आठ रेडकां घातली असती गो बाय. एकदाचो भायर काढ. नायतर बांधून दी माका, नांगराऐवजी टाकतंय बोटीसून.”

“त्यात एक जोड आसा, पेद्रू.”

“जोड सगळ्यात आसता. ह्या दोरात बघ किती आसत.”

“दोरातलो जोड तुका दिसता मा? मगे तू तो जोड असलेलो दोर नांगराक बांधतंस?”

पेद्रूनं वर पाहिलं. मग दोराचा एक पीळ पुढे सरकवला. “चाय घी,” तो म्हणाला. “नि सांजची लादीन आसा क्रुसाकडे. फेबीकाकी दोनदा येवन गेली.”

मे महिन्यात वाडीतल्या क्रुसाजवळ लादीनची प्रार्थना होते. चुना लावलेला क्रूस, त्याला झेंडूची माळ, पायरीवर मेणबत्त्या, समोर चटयांवर म्हातारी माणसं आणि मागे उभे असलेले पुरुष. एकानं संतांची नावं घ्यायची आणि बाकीच्यांनी प्रत्येक नावाला तेच उत्तर द्यायचं, जुन्या लॅटिनमधलं, ज्याचा शब्दशः अर्थ तिथल्या निम्म्यांना सांगता आला नसता. नावं घेण्याचं काम आई करायची. ती गेल्यापासून कार्मेलिना करते. ती नावं घेऊ लागली, एकामागून एक, आणि तिचं मन अजून जोडापाशीच होतं. मग मधेच केव्हातरी तिच्या लक्षात आलं की तिला दम लागलेला नाही. यादी लांब होती, चाल संथ होती, सूर वर होता, आणि छातीत हवा होती. फुप्फुसं तर तीच. स्टुडिओत ओळ जिथे तुटायची, तिथे आता काहीच तुटत नव्हतं. का? ती नावं घेत राहिली आणि स्वतःकडे बघत राहिली. पुढच्या चटईवर फेबीकाकी होती. काकीला नेहमीच घाई असते, लादीन संपल्यावर उकडलेले चणे वाटायचं काम तिच्याकडे असतं. कार्मेलिनानं घेतलेलं नाव पुरतं संपायच्या आत काकी उत्तराला सुरुवात करत होती. तिच्या मागोमाग सगळी वाडी. नावाचं शेवटचं अक्षर कार्मेलिना म्हणतच नव्हती. त्या आधीच तिचं तोंड मिटत होतं, नाकातून हवा आत जात होती, आणि वरून कुणालाही कुठेही खंड ऐकू येत नव्हता. शेवटची अक्षरं दुसऱ्यांच्या तोंडात पुरी होत होती. ऐकणाऱ्याला वाटावं, ही बाई अखंड म्हणते आहे.

एक नाव घ्यायचं ती विसरली. क्षणभर सगळी वाडी थांबली. “काय झाला गो?” काकी पुटपुटली, “पुढे चल, चणे थंड होतत.” कार्मेलिना पुढे गेली. पण आता तिला मैदान दिसत होतं. फळ्या, पोरंपोरी, डाव्या हाताला शाहनवाज, डोक्यावर टॉवेल. इतकी वर्षं आठवणीत तो नुसता उभा होता. आता तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

चण्यांचा कागद हातात तसाच धरून तिनं समुद्राच्या बाजूला जाऊन त्याला फोन लावला.

“बोल कार्मी. ऐकलंस? रडलीस ना? खरं सांग.”

“शानू, स्टेजवर आपण ‘पत्तो खंय’ करायचो, तेव्हा शेवट कोण म्हणायचं?”

“म्हणजे?”

“‘तुझो पत्तो खंय.’ हे तीन शब्द. मी म्हणायचे की तू?”

“मी. आणखी कोण?” तो हसला. “त्याच ओळीचे कशाला, सगळ्याच ओळींचे शेवट मी उचलायचो. माझं कामच ते होतं. तुला दम कधी पुरलाय? तू ओळी लिहायचीस मालगाडीसारख्या. मी मागे गार्ड.”

तो बोलत राहिला. तिला शब्द ऐकू येत होते, पण त्यांच्यामागे काहीतरी मोठं हळूहळू सरकत होतं, भरलेली होडी वाळूवरून सुटते तसं. तेरा वर्षं ती एका आवाजाची वाट पाहत होती, आणि तो आवाज एकटीचा नव्हताच. ज्याच्याशी तुलना करून तिनं स्वतःला नापास केलं, ते मापच चुकीचं होतं. त्यात दोन माणसं होती. सिगरेट नाही, वय नाही, ओरडणं नाही. ओळ दोन छात्यांसाठी लिहिली होती आणि ती तिला एका छातीत कोंबायला बघत होती. राग यायला हवा होता. त्याऐवजी अंगात एक थंड, स्वच्छ शहाणपण उतरलं, आणि त्याच्या पाठोपाठ लगेच कामाचा विचार आला.

“शनिवारी ते कंपनीला देऊ नकोस,” ती म्हणाली.

“काय?”

“सगळं परत करायचं. आत्ताच्या आवाजात. गाणं सुरू केलं की संपेपर्यंत थांबायचं नाही. तू इकडे ये, माझ्या बाजूला उभा राहा आणि शेवट उचल.”

“तुझं डोकं फिरलंय. दोन वर्षं, कार्मी. दोन वर्षं मी तुझा एकेक शब्द चिमट्यानं उचलून लावलाय. बायको म्हणते, घरात त्या बाईचा आवाज माझ्यापेक्षा जास्त असतो. कंपनी थांबणार नाही. परत कोण विचारणारही नाही.”

“माहीत आहे.”

“आणि मी? मी तेरा वर्षांत तोंड उघडलेलं नाही. मला माझ्या घराच्या जिन्यालाही दम पुरत नाही आता.”

“म्हणूनच. दोघांचा मिळून पुरेल तेवढंच म्हणू.”

त्यानं फोन ठेवला. नंतर केला तेव्हा उचलला नाही. शनिवारी तिनं त्याला एकच शब्द पाठवला, ‘नाही’. अंगठा बटणावर असताना तिला आईच्या खाटेशेजारचं स्टूल आठवलं, त्यावर बसून ती भरवायची ते, आणि आईचा एकाच बाजूनं हलणारा ओठ. आई म्हणायची, तुझा ता गाणा झाला काय गो? शब्द अर्धवट यायचे. ते ती पुरे करायची. मग तिनं बटण दाबलं आणि सत्यवानकडे गेली.

सत्यवानचा मालवणात बर्फाचा कारखाना होता, आता बंद. मासळीसाठी बर्फ साठवायची खोली मात्र तशीच होती. जाड भिंती, त्यांत भरलेला थर्माकोल, पेटीच्या झाकणासारखं दार. आत बोललं की आवाज भिंतीला लागून परत येत नसे. बाजारातला गलका दाराशी थांबत असे.

“गायचा आसा तर गाय,” सत्यवान म्हणाला. “पण दार पुरा लावू नको. आतसून कडी नाय. मागे एक कामगार अडाकलो हुतो.”

“गोठलो?”

“गोठता खयचो? तेव्हा पण लाइट गेलीली. घामान भिजान भायर इलो.”

ती सकाळी बोटीवर जायची आणि दुपारी तिथे. माइक, लॅपटॉप, दारात अडकवलेली वीट. अमोनियाचा जुना वास भिंतीत मुरला होता, त्यामुळे डोळ्यांच्या कडा झोंबत. ती गाणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हणत होती. जिथे दम संपेल तिथे थांबायची, श्वास घ्यायची, तो ऐकू यायचा, पुढे जायची. ओळींची शेपटं रिकामी राहात होती. रात्री ऐकताना ती ती पोकळी मोजत नव्हती, फक्त कुठे आहे ते बघत होती. काही ओळींतून तिनं शब्द काढून टाकले. एकतिसाव्या वर्षी तिला विशेषणं फार लागायची. आता ती काढली तरी ओळ उभी राहात होती. काही ठिकाणी मात्र शब्द काढता येत नव्हते आणि म्हणताही येत नव्हते. तिथे जागा तशीच मोकळी ठेवली. तो आला नाही तर अल्बम अशाच उघड्या शेवटांनी निघेल, असं तिनं ठरवलं होतं. कोण काढेल, कोण ऐकेल, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं आणि त्या उत्तरावाचून काम अडत नव्हतं. याचंच तिला नवल वाटत होतं. पूर्वी याहून बारीक कारणांनी अडायचं.

तो आला तो न सांगता. कुडाळ स्टेशनावरून फोन. ती पेद्रूची गाडी घेऊन गेली. पोट सुटलेला, दाढी पांढरी, एका हातात पिशवी, दुसऱ्यात मशीनची पेटी.

“मी भांडायला आलोय,” शाहनवाज म्हणाला.

“मग पेटी कशाला आणलीस?”

“सवय.” तो गाडीत बसला, पेटी मांडीवर घेऊन. मग म्हणाला, “कंपनीनं हात वर केले. म्हणाले, तेरा वर्षं थांबलो हेच खूप. त्यांची जागा त्यांनी दुसऱ्या कुणाला दिली. आता तुझा अल्बम आपला आपणच काढायचा. म्हणजे गच्चीवरून ओरडायचं.”

“ओरडायची मला सवय आहे.”

“मला तुझा खूप राग आलाय, कार्मी.”

“येऊ दे.”

“येऊ दे काय. मी तुला इतकी वर्षं सांगितलं नाही याचाही आलाय. मला वाटायचं तुला माहीत आहे. मला वाटायचं, तू मुद्दाम माझ्याशिवाय करून बघतेयस.”

तिनं गाडी हळू केली. रस्त्यावर म्हशी होत्या. त्याचं हे वाक्य तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागला. तिच्याच चुकीची दुसरी बाजू त्याच्याकडे होती, तेरा वर्षं, मशीनपुढे बसून, दर वेळी ओळ ‘तुझो गाव’पाशी तुटताना ऐकत. आणि तो गप्प राहून गाणं मागे न्यायचा. माफी मागावी असं तिच्या मनात आलं, पण ओठांवर वेगळंच आलं. “शेवट पाठ आहेत का अजून?”

“सगळे,” तो खिडकीबाहेर बघत म्हणाला.

पहिल्या दिवशी त्याला काहीच जमलं नाही. तो उशिरा उचलायचा, नाहीतर तिच्या अंगावर यायचा, नाहीतर खोकायचा. खोलीत दोन माणसांनी घाम दुप्पट झाला. सत्यवान दारातून डोकावून म्हणाला, “मासे बरे हुते, गप ऱ्हवत तरी.” दुसऱ्या दिवशी दुपारी, तिसऱ्या गाण्यात, एका ओळीच्या टोकाला तिची हवा संपत आली आणि ती संपायच्या आधीच शेजारून आवाज आला, जाडसर, थोडा फाटका, पण नेमका. तिनं तोंड मिटलं. नाकातून अमोनियाची झोंबरी हवा आत गेली, खाली, बरगड्यांपर्यंत. पुढची ओळ तिची होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती. बघायची गरज नव्हती; त्याचा खांदा कधी उचलला जातो हे डाव्या दंडाला कळत होतं. गाणं शेवटाला गेलं. त्यात एका जागी तिची जीभ अडखळली होती, एका जागी त्याच्या छातीतली शिट्टी आली होती, आणि मधल्या कडव्यात बाहेरून मासळीवालीची हाक दाराच्या फटीतून आत आली होती. दोघं उभे राहिले. मशीनचा लाल दिवा चालूच होता. आता जे काही मशीनमध्ये उतरलं होतं ते चव्वेचाळीस वर्षांच्या एका बाईचं आणि पन्नाशीच्या एका माणसाचं होतं, आणि त्याला कुठेही जोड नव्हता.

शाहनवाजनं टॉवेलनं मान पुसली. सवयीनं त्याचा हात गाणं मागे नेणाऱ्या बटणाकडे गेला, बोट टेकलं, आणि त्यानं तिच्याकडे न बघताच विचारलं, “परत घेऊया?”

“नको,” ती म्हणाली. “पुढचं लाव.”

बोट थोडा वेळ तिथेच राहिलं. मग त्यानं ते उचललं, पुढचं गाणं लावलं, आणि दोघांनीही एकदमच श्वास आत घेतला.